गादी बदलली की उडी बदलते

बास्केटबॉलच्या सरावात ले-अपची, म्हणजे धावत जाऊन जवळून चेंडू बास्केटमध्ये टाकण्याची, रांग लागते. मुलं एकामागे एक उभी, चेंडू एकाच्या हातात. शिट्टी वाजली की तो धावतो. उजवं पाऊल, डावं पाऊल, गुडघा वर, चेंडू फळीवरच्या चौकोनात, आणि लगेच रांगेच्या शेपटीला परत. दिसायला फार सुबक प्रकार. मीही कित्येक वर्षं हेच करून घेतलं, आणि रांग सरळ राहिली की आज आपण शिकवलं असं समाधान घेऊन घरी जायचो. एकदा सहज कागदावर हिशेब मांडला आणि ते समाधान गेलं. एक बास्केट, २४ मुलं, २० मिनिटं. एका मुलाची धाव आठ सेकंदांची धरली तर एकूण १५० धावा होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सहा. वीस मिनिटांत मूल पन्नासेक सेकंद खेळतं आणि उरलेला वेळ पुढच्याच्या पाठीकडे बघत उभं राहतं.

पण वेळेची तक्रार लहान आहे. दुसरी बास्केट लावा, आणखी चार चेंडू आणा, ती मिटते. मोठी तक्रार सामन्यात दिसते. तिथे मुलाच्या आणि बास्केटच्या मध्ये कुणीतरी उभं असतं. रांगेत ज्याची पावलं घड्याळासारखी पडत होती तोच मुलगा दोन पावलं टाकून थबकतो, चेंडू छातीशी धरतो आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्याकडे बघतो. सर, आता काय? त्याला उत्तर पाठ होतं. प्रश्न मात्र कधी भेटलाच नव्हता.

खेळातलं प्रत्येक तंत्र हे मुळात कुणाला तरी आलेल्या अडचणीवर निघालेला तोडगा असतं. फळीचा उपयोग करून चेंडू टाकायचा, कारण धावताना थेट रिंगमध्ये टाकलेला चेंडू धावेच्या वेगाने पुढे निघून जातो. गुडघा वर घ्यायचा, कारण त्याने उंची मिळते आणि अंगावर येणारा जरा दूर राहतो. आपण मुलांच्या हातात तोडगा देतो आणि अडचण स्वतःकडे ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करायला हवा. अडचण मुलांना द्यावी, तोडग्याची वाट पाहावी, आणि शिक्षकाने आपली सगळी हुशारी अडचण नीट रचण्यात खर्च करावी.

हे म्हटलं की कुणीतरी उंच उडीतल्या डिक फॉसबरीचं नाव काढतं. काढावंच. पण त्याच्या गोष्टीतून जो धडा सहसा सांगितला जातो तो मला पटत नाही, म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला उंच उडीत स्ट्रॅडल ही मान्य पद्धत होती. पोट दांडीकडे ठेवायचं आणि तिच्यावरून लोळण घेतल्यासारखं पलीकडे जायचं. अमेरिकेतल्या या शाळकरी मुलाला ते जमेना. त्याची स्पर्धेत उतरायचीच पंचाईत होऊ लागली, तेव्हा तो जुन्या, मोडीत निघालेल्या कात्रीकडे वळला, म्हणजे एकेक पाय दांडीवरून टाकायचा तो प्रकार. १९६३ मध्ये एका शालेय स्पर्धेत कात्री मारता मारता बुड दांडीला लागू नये म्हणून तो पाठ थोडी मागे टाकत गेला. दांडी वर जाईल तशी पाठ आणखी मागे. त्या एका दुपारी त्याची उडी सुमारे १५ सेंटीमीटरने वाढली. पुढे पाच वर्षांनी, १९६८च्या मेक्सिको सिटी ऑलिम्पिकमध्ये त्याने पाठीवरून २.२४ मीटरची उडी मारून सुवर्णपदक घेतलं. दांडीवरून जाताना शरीर कमानीसारखं वाकलं तर शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊ शकतो आणि माणूस मात्र वरून जातो. त्याला हे पदार्थविज्ञान माहीत असण्याची गरज नव्हती. बुडाला दांडी लागत होती, एवढं त्याला कळत होतं.

सहसा सांगितला जाणारा धडा असा: बघा, एक बंडखोर मुलगा, प्रशिक्षकांचं न ऐकणारा, प्रतिभावान. म्हणून मुलांना मोकळं सोडा. मला या गोष्टीत मुलापेक्षा गादी महत्त्वाची वाटते. त्याआधी उडी मारणारे वाळूत किंवा लाकडाच्या भुशात पडायचे. तिथे पाठीवर, मानेवर पडायची कुणाची छाती होणार? पायांवर किंवा हातापायांवर उतरता येईल अशाच उड्या त्या भुशाला परवडत होत्या. फोमच्या जाड गाद्या आल्या आणि अडचणीचं स्वरूपच बदललं. पुरावा हवा असेल तर कॅनडाकडे बघा. तिथे डेबी ब्रिल नावाची लहान मुलगी त्याच दशकात, फॉसबरीची नक्कल न करता, आपल्या आपण पाठीवरून उडी मारायला लागली होती. तिच्या वडिलांनी तिला उतरायला फोमचा ढीग रचून दिला होता. दोन मुलं, एकमेकांपासून शेकडो मैल दूर, एकाच उत्तरावर पोचली. दोघंही असामान्य होती हे खरं, पण उडी बदलायला लावली ती गादीने.

शिक्षकाने फॉसबरी घडवायला निघू नये. तो कुणाच्या हातात नसतो. शिक्षकाच्या हातात गादी असते, दांडीची उंची असते, मैदानावर ओढलेली चुन्याची रेषा असते.

(इथे थोडा वास्तवाचा चिमटा. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये उंच उडीतले बहुसंख्य स्पर्धक फॉसबरीच्या पद्धतीने उडत होते, पण सुवर्ण जिंकलं ते स्ट्रॅडल मारणाऱ्या यूरी तार्माकने, २.२३ मीटरवर. नवं उत्तर सापडलं म्हणून जुनं दुसऱ्या दिवशी खोटं ठरत नाही. हे मुलांनाही सांगत जावं.)

आता तोडगा आधी दिल्याने बिघडतं काय, असा प्रश्न येतो. बिघडतं ते असं. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये पाण्याच्या भांड्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. तीन भांडी देऊन ठरावीक माप पाणी काढायचं. सुरुवातीची सगळी उदाहरणं अशी की मोठ्या भांड्यातून मधलं एकदा आणि लहान दोनदा वजा केलं की उत्तर येतं. मग एक उदाहरण असं: भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवंय २०. आपण थेट म्हणतो, २३ मधून ३ काढा. पण आधीची उदाहरणं सोडवून आलेल्यांपैकी बरेच जण ४९ मधून २३ वजा, मग ३, मग पुन्हा ३, अशा लांबच्या रस्त्याने गेले. ज्यांनी आधीची उदाहरणं सोडवलीच नव्हती त्यांना आखूड वाट लगेच दिसली. भांडी आणि बॅट एक नव्हेत, मान्य. पण बचावपटू डाव्या बाजूने आला असताना हट्टाने उजव्या-डाव्या पावलांच्या पाठांतरात शिरणारा माझा तो मुलगा मला त्या ४९च्या भांड्याशी उभा दिसतो.

आणखी एक निरीक्षण, तेही जुनं. १९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करत होता. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी माणसांच्या हाताच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून तो त्यांची छायाचित्रं घेई. अपेक्षा अशी की कसबी माणसाचा हात दरवेळी हुबेहूब तसाच फिरत असेल. निघालं वेगळंच. हातोडा नेमका तिथेच पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडे वेगळे होते. एका सांध्याची चूक दुसरा सांभाळून घेत होता. यातून त्याने सरावाची जी व्याख्या पुढे मांडली ती मला आजही सगळ्यात नेमकी वाटते. सराव म्हणजे तोच तोडगा पुन्हा पुन्हा करणं नव्हे. सराव म्हणजे तीच अडचण पुन्हा पुन्हा सोडवणं, दरवेळी थोड्या वेगळ्या रीतीने. आपल्या भाषेत घोकणं आणि घटवणं असे दोन शब्द आहेत. रांगेत आपण घोकून घेतो आणि अपेक्षा धरतो की घटलं असेल.

सिद्धांत पुरे. मैदानावर हे कसं दिसतं ते सांगतो, कारण गाडी अडते ती तिथेच.

बॅडमिंटनच्या दुहेरीतली आखूड सर्व्हिस घ्या. जाळं खांबापाशी १.५५ मीटर, मध्यावर १.५२४ मीटर. शटल त्यावरून जेमतेम जायला हवं आणि जाळ्यापासून १.९८ मीटरवरच्या रेषेपलीकडे पडायला हवं. उंच गेलं की समोरचा झडप घालतो. पूर्वी मी पकड दाखवायचो, मनगट, कोपर, पायांतलं अंतर, सगळं. आता जाळ्याच्या वर साधारण दीड वितीवर एक दोरी बांधतो आणि म्हणतो, शटल जाळं आणि दोरी यांच्या मधून गेलं पाहिजे आणि रेषेच्या पुढे पडलं पाहिजे. बस. दहा मिनिटं मी तोंड मिटून उभा. हे दहा मिनिटांचं मौन मला अजूनही जड जातं, खोटं कशाला सांगू.

मुलं काय काय करतात! कुणी मागे सरकतं, कुणी रॅकेट आखूड धरतं. कुणी झोका इतका लहान करतं की तो झोका न राहता ढकलणं होतं, आणि ते ढकलणंच नेमकं कामाला येतं. एकाने शटलची पिसं बोटाच्या टोकांनी धरून रॅकेटच्या पुढ्यात जवळजवळ ठेवलीच. दहा मिनिटांनी मी दोघातिघांना आपापली रीत दाखवायला सांगतो आणि मग शेवटी माझी दाखवतो, अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर टेकवून मारलेली बॅकहँड सर्व्हिस. फरक इथे पडतो. तंत्र तेच, पण आता ते बघणारे डोळे वेगळे असतात. दहा मिनिटं ज्याचा शटल दोरीला अडकला त्याला तो अंगठा दिसतो. आधी दाखवला असता तर त्याने फक्त माझा हात पाहिला असता.

गणित शिकवण्याच्या क्षेत्रात मनु कपूर या संशोधकाने २००८ पासून ‘उपयोगी अपयश’ या कल्पनेवर काम केलं आहे. आधी न शिकवलेल्या प्रश्नाशी झटू द्यायचं, मग पद्धत सांगायची. त्याची मांडणी वर्गातली आहे, पण दोरीखाली अडकलेला शटल पाहिला की ती मैदानावर जास्त शोभते असं मला वाटतं. मैदानावर अपयश स्वस्त असतं, तीन सेकंदांत पुढचा प्रयत्न करता येतो.

अशी दोरी प्रत्येक खेळात सापडते. फुटबॉलमध्ये तिघं विरुद्ध एक, लहान चौकोन, आणि चेंडूला प्रत्येकी दोनच स्पर्श. ‘पास देऊन जागा बदल’ हे वाक्य मी शंभरदा ओरडलो असेन. चौकोन नीट आखला की ते ओरडावं लागत नाही, कारण पास देऊन तिथेच उभं राहिलेल्याकडे चेंडू परत येऊच शकत नाही. कबड्डीत समोर फक्त तीन बचावपटू ठेवा आणि हाताने केलेला स्पर्श गुणाला धरू नका. ३० सेकंदांच्या चढाईत मूल आपोआप पाय लांबवायला शिकतं, तोल पुढे न जाऊ देता. त्याच वेळी समोरच्या तिघांना कळतं की पकड यशस्वी झाली तर सुपर टॅकलचा, म्हणजे तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीचा, जादा गुण आहे, पण एकट्याने झेप घेतली तर कोपरा उघडा पडतो. एका मांडणीत दोन अडचणी, दोन्ही बाजूंना शिक्षण. आणि रांगेत कुणी उभं नाही.

साधनसामग्री बदलणं हाही अडचण रचण्याचाच भाग आहे. टेनिसच्या जागतिक संघटनेने २०१२ पासून दहा वर्षांच्या आतल्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा सुमारे ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के, आणि लाल-नारिंगी चेंडूंसाठी लहान कोर्ट. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून उसळणारा चेंडू त्याला एकच गोष्ट शिकवतो, मागे पळायला. छातीपर्यंत येणारा चेंडू त्याला विचार करायला फुरसत देतो: कुठे मारू, पुढे जाऊ का, समोरचा कुठे आहे. लहान मुलांना मोठ्यांच्या उंचीची बास्केट आणि मोठ्यांचा चेंडू देणाऱ्या सगळ्यांनी यावर जरा थांबून विचार करावा. ३.०५ मीटरवरच्या रिंगकडे सात वर्षांचं मूल दोन्ही हातांनी कमरेपासून चेंडू भिरकावतं, आणि आपण त्याला म्हणतो, ‘कोपर आत.’ कोपर आत घेतलं तर चेंडू पोचतच नाही, हे त्याला कळतं, आपल्याला कळत नाही. त्याचं भिरकावणं हे त्या अडचणीचं बरोबर उत्तर असतं. अडचण चुकीची दिलेली असते.

इथे एक इशारा. सर्जनशीलता, कल्पक उपाययोजना वगैरे शब्द शिक्षणात शिरले की त्यांच्यामागून तक्ते आणि रंगीत पेनं येतात. मी एक प्रात्यक्षिक पाठ पाहिला आहे ज्यात मुलं मैदानावर गोल करून बसली होती आणि ‘बचावपटूला चकवण्याचे सहा उपाय’ गटात चर्चा करून लिहीत होती. चाळीस मिनिटांच्या तासिकेत एकाही मुलाला घाम आला नाही. शेवटी तक्ते सुरेख झाले. हा प्रकार ले-अपच्या रांगेपेक्षा वाईट आहे, रांगेत निदान सहा धावा तरी होतात. हुलकावणी ही शरीराने सुचते. ती शब्दांत आधी मांडून मग अंगात उतरवायची वस्तू नाही.

याचा अर्थ त्या पद्धतींकडून घेण्यासारखं काही नाही असं नव्हे. जाहिरात व्यवसायातल्या ॲलेक्स ऑसबॉर्नने १९५३ च्या आपल्या पुस्तकातून विचारमंथनाचं तंत्र लोकप्रिय केलं. त्याचा गाभा एका नियमात आहे: कल्पना सुचत असताना बरं-वाईट ठरवू नका, ते नंतर. मैदानावर हा नियम अर्धाच लागू होतो. चेंडू निकाल लांबणीवर टाकत नाही. आत गेला की गेला, जाळ्यात अडकला की अडकला. परीक्षक तोच, आणि तो कुणाचा अपमान करत नाही. पण शिक्षकाचा निकाल लांबणीवर टाकता येतो, टाकायलाच हवा. विचित्र दिसणारा प्रयत्न पहिल्या क्षणी ‘असं नाही’ म्हणून मारला नाही, एवढं केलं तरी ऑसबॉर्नचं नव्वद टक्के मैदानावर आलं. दुसरा माणूस गेन्रिख अल्टशुलर. या सोव्हिएत अभियंत्याने शोधांच्या पेटंटांचा अभ्यास करून मांडलं की चांगल्या शोधाच्या मुळाशी एक अंतर्विरोध असतो, एक गोष्ट सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. हे मला मुलांशी बोलताना फार कामाला येतं. व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसला चेंडू उंच उडवला तर जोर मिळतो, पण दरवेळी नेमका तिथेच खाली येईल याची खात्री जाते. मग? बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हा पेच विचारला की ती तावातावाने बोलतात, पण चेंडू हातात घेऊनच. सर, थांबा, दाखवतो.

आता विरोधकांकडे. त्यांच्यातले काही माझे जुने सहकारी आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही.

पहिला आक्षेप असा की नवशिक्याला शोधायला लावणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. याला संशोधनाचा आधारही आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा २००६ चा गाजलेला लेख हेच म्हणतो: मार्गदर्शन अगदी कमी असलेलं शिक्षण नवशिक्यांच्या बाबतीत तोकडं पडतं, कारण त्यांच्या डोक्यावर एकाच वेळी फार भार येतो. मी हे मान्य करतो आणि म्हणूनच ‘मुलांना मोकळं सोडा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. चेंडू टाकून ‘खेळा रे’ म्हणत झाडाखाली बसणारा शिक्षक प्रयोगशील नसतो, तो बसलेला असतो. दोरी मात्र मार्गदर्शनच आहे. ती दर शटलला मुलाला सांगते, उंच गेलं, खाली राहिलं. बोलक्या शिक्षकापेक्षा ती जास्त वेळा आणि जास्त नेमकं बोलते. डोक्यावरचा भार कमी करायचा तर पंधरा सूचना देण्यापेक्षा चौकोन लहान करणं सोपं.

आणि सांगायचंच असेल तर कसं सांगायचं यालाही कल्पकता लागते. टेबल टेनिसचा टॉपस्पिन फोरहँड, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, शिकवताना लियाओ आणि मास्टर्स यांनी २००१ च्या प्रयोगात एका गटाला नियमांची यादी दिली आणि दुसऱ्या गटाला एकच प्रतिमा: बॅट काटकोन त्रिकोणाच्या तिरक्या बाजूवरून वर न्या. नंतर खेळताना डोक्याला दुसरं काम दिलं तेव्हा यादीवाल्यांचा फटका बिघडला, त्रिकोणवाल्यांचा टिकला. चांगला शिक्षक पन्नास वाक्यं गिळून एक त्रिकोण देतो.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि इथे माझा काहीच वाद नाही. भालाफेकीत कुणी कधी फेकायचं, टाकलेला भाला आणायला कुणी कधी जायचं, यात शोध नको. उथळ पाण्यात सूर मारणं, वजन उचलणं, जिम्नॅस्टिक्समधली कोलांटी, या ठिकाणी आज्ञा हवी, शिट्टी हवी, आणि ‘मी म्हणतो म्हणून’ हेही चालेल. मुस्का मॉस्टनने १९६६ मध्ये शारीरिक शिक्षणातल्या अध्यापनशैलींचा जो पट मांडला त्याच्या एका टोकाला आज्ञा आणि दुसऱ्या टोकाकडे शोध आहे. दोन्ही टोकं त्याने शिकवण्यासाठीच ठेवली होती. आपण आज्ञेच्या टोकालाच तंबू ठोकून बसलो, ही तक्रार आहे. गादीची गोष्टही पुन्हा आठवावी: भुशाच्या खड्ड्यात फॉसबरीची उडी मारायला सांगणं हा गुन्हा ठरला असता. आधी गादी, मग स्वातंत्र्य.

तिसरा आक्षेप सहसा उघड बोलला जात नाही, पण खरा अडसर तोच आहे. असा सराव दिसायला वाईट असतो. चेंडू इकडेतिकडे, मुलं ओरडतायत, कुणाचंही पाऊल कुणासारखं नाही. दारातून डोकावणाऱ्या मुख्याध्यापकांना गोंधळ दिसतो. रांग मात्र फोटोत छान येते. इथे एक प्रयोग मला फार आधार देतो. हॉल, डोमिंगेस आणि कव्हाझोस यांनी १९९४ मध्ये महाविद्यालयीन बेसबॉलपटूंना सहा आठवडे जादा फलंदाजी दिली. एका गटाला एकाच प्रकारचे १५ चेंडू सलग, मग दुसऱ्या प्रकारचे १५, मग तिसऱ्या. दुसऱ्या गटाला तेच ४५ चेंडू, पण सरमिसळ, पुढचा कोणता येईल याचा पत्ता नाही. सलगवाल्यांना पुढचा चेंडू आधीच ठाऊक, म्हणून सरावात मारणं त्यांना सोपं. शेवटच्या परीक्षेत सरमिसळवाल्यांची सुधारणा दुसऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाली, आणि गंमत म्हणजे चेंडू ठरलेल्या क्रमाने टाकले तेव्हाही तेच पुढे होते. सरावात बरं दिसणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका प्रयोगावर अख्खी पद्धत उभारू नये, हेही खरं. लहान मुलांच्या आणि अगदी नवख्यांच्या बाबतीत असे निकाल दरवेळी इतके ठसठशीत येत नाहीत. पण ज्याने कधी सामना पाहिला आहे त्याला हे विचित्र वाटू नये. सामना सरमिसळच असतो.

१९८२ मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी आधी खेळ समजावा, मग तंत्र यावं, अशी मांडणी केली. तंत्रावरच भर दिल्याने मुलं शाळेतून बाहेर पडताना ना धड कौशल्य घेऊन जातात, ना खेळाची समज, हे त्यांचं निरीक्षण होतं. चाळीस वर्षं उलटून गेली. ही मांडणी माहीत नसलेला शारीरिक शिक्षणाचा पदवीधर सापडणं अवघड. परीक्षेत तिच्यावर उत्तर लिहून पास झालेला तोच पदवीधर दुसऱ्या दिवशी मैदानावर रांग लावतो. मीही लावली होती. कारण त्याला ज्या मोजपट्टीने मोजलं जातं ती बदललेली नाही.

म्हणून खरी लढाई मूल्यमापनाची आहे. ले-अपला दहा गुण: पावलांचे चार, गुडघ्याचे दोन, चेंडू सोडण्याचे दोन, आत गेला तर दोन. अशी पत्रकं मी भरली आहेत. चेंडू आत न घालता आठ गुण मिळवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि चेंडू दरवेळी आत घालून पाचावर अडकलेलीही. पत्रक असं असेल तर कोणता शिक्षक मुलांना दोरीखाली दहा मिनिटं चुकू देईल? त्याऐवजी पाच चाली द्या, दोन डावीकडून, दोन उजवीकडून, एक समोरून, प्रत्येक वेळी बचावपटू वेगळ्या जागी. किती आत गेले हे मोजा, आणि अडलेल्या चालीनंतर पुढच्या चालीत मुलाने काही बदललं का ते बघा. हे मोजणं मनमानी होईल, असं म्हणतात. गुडघा किती वर गेला याला दोन गुण द्यावेत की दीड, हे ठरवणं काय तराजूवर चालतं?

अशीच एक परीक्षा मी घेतली त्या वर्षी एक मुलगी होती, उजव्या हाताची. ती ले-अपला उजव्याच पायावर उडायची, पुस्तकाच्या बरोबर उलट. रांगेत मी तिला अनेक महिने टोकलं होतं. समोर बचावपटू आला तेव्हा पहिल्या तीन चालींत तिचे तिन्ही चेंडू आत गेले, कारण उडी अपेक्षेपेक्षा अर्धा क्षण आधी यायची आणि अडवणाऱ्याचा हात उशिरा उठायचा. मोठमोठे खेळाडू मुद्दाम अशी उडी मारतात, हे मला माहीत होतं. तिच्या पावलांना चूक म्हणताना ते आठवलं मात्र नव्हतं. डाव्या पायावरची उडीही तिला यायला हवी, नाहीतर लांबून हात पोचवायची वेळ आली की ती अडकेल. हे मी तिला सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात बचावपटूला फक्त दोन पावलं आत, रिंगच्या जवळ उभं केलं. पहिल्या दिवशी तिचे सगळे चेंडू अडले. दुसऱ्या दिवशी ती सराव सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी येऊन एकटीच काहीतरी करून बघत होती, आणि मी मुद्दाम लांबून गेलो.